म्हसोबाची हद्द

नानांचा फोन आला तेव्हा मी तो उचलणारच नव्हतो. ज्या माणसाने माझ्या दाजींना कोर्टात खेचलं, त्याच्याशी सकाळी सकाळी बोलायचं तरी काय? पण फोन वाजायचा थांबेना. शेवटी उचलला, तर पलीकडे नाना धापा टाकत होते. "पाव्हणं, लवकर मळ्यात या. मास्तर बोलत नाय... खुर्चीतच हायेत." मखमलाबादच्या पुढे दाजींच्या जागेवर पोहोचलो, तर घरासाठी खणलेल्या खड्ड्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत दाजी मान टाकून बसलेले आणि ऊन लागू नये म्हणून नाना त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभे. केस घालणारा माणूस ज्याच्यावर केस घातली त्याच्यावर छत्री धरून उभा होता. इतकी वर्षं साठवलेला राग त्या क्षणी कुठे गेला कोण जाणे, मी नानांच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडलो.

दाजी म्हणजे माझी थोरली बहीण आक्का, तिचे यजमान. घर फुलशेतीवाल्यांचं, पण हे शाळेत चित्रकला शिकवायचे. मूलबाळ नाही. सगळा संसार नाशिकमध्ये द्वारकेच्या चौकाजवळ भाड्याच्या दोन खोल्यांत झाला. खाली ट्रकच्या स्पेअर पार्टची दुकानं, समोर रस्ता, आणि पहाटेपासून हॉर्न. आक्काला फोन केला की निम्मं बोलणं ट्रक खाऊन टाकायचे. भावांच्या वाटण्यांत मळ्याचा एक तुकडा दाजींना मिळाला आणि रिटायर झाल्यावर त्यांनी तिथे घर बांधायचं मनावर घेतलं. नकाशा स्वतःच काढला, ड्रॉइंग शीटवर, रंगीत. आक्काच्या स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी, पुढे अंगण, आणि खाली चक्क तळघर. "दाजी, तळघरात ठेवणार काय? तुमच्याकडे आहे काय?" मी चिडवायचो. "थंडावा," ते म्हणायचे. "आणि शांतता. तुझ्या बहिणीला तिथे एक झोप काढू दे, मग बोल."

मोजणीसाठी त्यांनी एक खाजगी सर्व्हेअर ठरवला. तिपाईवर यंत्र लावणारा, गॉगल घातलेला, भला माणूस होता. सरकारी मोजणी झाली आहे का, असं त्याने सगळ्यात आधी विचारलं. "त्याला अर्ज करून बसलो तर वास्तुशांत आणि माझं तेरावं एकाच मांडवात करावं लागेल," दाजी म्हणाले. मग हद्दीची खूण कोणती? दाजींनी हात केला तो लिंबाखालच्या म्हसोबाकडे. बांधावरचा दगड, पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर लावून लावून गोल झालेला. आमच्याकडे हद्दीच्या दगडाला शेंदूर लावतात तो देव म्हणूनही आणि कुणी हलवू नये म्हणूनही. देवाला कोण हात लावणार? दाजींच्या मते याहून पक्की खूण कुठल्या सरकारकडे नव्हती. सर्व्हेअरने मान हलवली, "सर, तुमच्या सांगण्यावरून करतोय हं," असं दोनदा म्हणाला आणि म्हसोबापासून चुन्याची फक्की टाकून हद्द आखून दिली.

भूमिपूजन झालं. जेसीबी घेऊन चांदवडचा ऑपरेटर आला. वरची काळी माती लोण्यासारखी निघाली आणि मग बकेटचे दात कातळावर घासायला लागले. "मास्तर, खाली पाषाण लागला. बकेटचं काम नाय हे, ब्रेकर लावावा लागंल. नायतर तळघराचा नाद सोडा." दाजी कुठले नाद सोडतात! ब्रेकर लागला, सगळा मळा हादरायला लागला, आणि तो आवाज ऐकून शेजारच्या शेतातून नाना आले. त्यांच्या मुलाने जमीन विकायला काढली होती, म्हणून नुकतीच सरकारी मोजणी करून घेतली होती. त्या मोजणीप्रमाणे तळघराचा अर्धा खड्डा नानांच्या जमिनीत जात होता.

दाजी आणि नाना लहानपणापासूनचे दोस्त. एकाच विहिरीत पोहलेले, एकाच मास्तरचा मार खाल्लेले. त्यामुळे नाना भांडायला आलेच नव्हते. ते हसत म्हणाले, "अरे, म्हसोबा इथला नाहीच. पार तिकडं होता, उन्हात. तुझी आई म्हणली, देवाला ऊन लागतं, सावलीत न्या. तू नि मीच तर उचलून आणला. लय जड होता, तुझ्या पायावर पडला होता बघ!" तेव्हा दोन्ही शेतं एकमेकांच्या घरचीच असल्यासारखी होती, बांध इकडे का तिकडे हे कुणी बघत नव्हतं. नानांनी तोडही सुचवली... देव हलवला होता एवढं कबूल कर, जेवढी माझी जागा तुझ्या खड्ड्यात गेली तेवढी मला मागच्या बाजूने दे, आणि तुझं घर बांधून टाक. दाजी खड्ड्याकडे बघत राहिले. "मला आठवत नाही," म्हणाले.

मुलाच्या रेट्याने नाना वकिलाकडे गेले. म्हातारीने देव सावलीत नेला, एवढंच त्यांनी सांगितलं. वकिलाने कागदावर लिहिलं की, दाजींच्या मयत आईने जमीन बळकावण्याच्या उद्देशाने हद्दीची खूण हलवली. ते वाक्य वाचलं आणि दाजी दगड झाले. नानांना ते कळल्यावर तेही हबकले. वाक्य काढा म्हणून वकिलाच्या पाया पडायचं बाकी ठेवलं. पण वकील म्हणाला, ते काढलं तर आपल्या हातात काय राहतं? कोर्टाने संपूर्ण जागेवर 'जैसे थे'चा हुकूम दिला. बांधायचं नाही, बुजवायचं नाही, पाणी उपसायचं तरी परवानगी काढा. पावसाळ्यात खड्डा भरायचा, उन्हाळ्यात आटायचा, तळाशी ब्रेकरने अर्धवट फोडलेला कातळ तसाच.

दाजी मात्र रोज सकाळी बसने तिथे जायचे आणि खुर्ची टाकून बसायचे. पलीकडच्या कडेला नाना येऊन बसायचे. गुडघे, पाऊस, फुलांचा बाजार, सगळं बोलायचे, म्हसोबा सोडून. मला याचा संताप यायचा. सरळ कबूल करून टाका, माझी बहीण त्या चौकात बहिरी व्हायची वेळ आली, असं मी एकदा तोंडावर बोललो. दाजींनी मला चहा पाजला आणि विषय बदलला. नाशिकमध्ये एवढी घरं उठली, मळेच्या मळे गेले, आणि आमचे दाजी एका खड्ड्याच्या काठावर म्हातारे झाले...

दाजींचे दिवस झाल्यावर त्यांचे वकील आले. केस माणसाबरोबर मरत नाही, वारसाच्या नावावर चालते, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी कागद पुढे केला आणि आक्काने मुकाट्याने सही केली. मी तडकलोच. जी सासू हिच्याशी जन्मभर धड एक शब्द बोलली नाही, तिच्यासाठी ही आता कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार!

आता आक्का रोज सकाळी तिथे जाऊन बसते, दाजींच्याच खुर्चीत. गेल्या आठवड्यात मीही तिच्याबरोबर गेलो. पलीकडे नाना होते. "वहिनी," ते हात जोडून म्हणाले, "मास्तरला नव्हतं आठवत. पण म्हातारी तुमच्यापाशी कधी बोलली असंल की. तुम्ही एवढं सांगा, पोराला मी समजावतो. घर होऊ द्या तुमचं."

नाना पाठमोरे झाल्यावर आक्का हळूच मला म्हणाली, "त्यांना सगळं आठवत होतं रे. पायावरचा वण मला दाखवला होता. म्हणाले, तुझ्या खिडकीसाठी आईला चोर म्हणवून घेऊ का?"

"आणि उद्या कोर्टात तुला विचारलं तर?"

द्वारकेच्या खोलीत झोप न झालेले डोळे तिने पदराने पुसले आणि खड्ड्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "मलाही आठवत नाही."