बारीक व्हय

परदेशी मदतीवर चालणाऱ्या आमच्या संस्थेत प्रकल्प आखणारे हे गृहस्थ. त्यांचा भरवसा मात्र आराखड्यापेक्षा गाऱ्हाण्यावर. नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात आणि गाव प्रत्येक मागणीला "व्हय म्हाराजा!" म्हणतो, तेव्हा हे मागे डोळे मिटून उभे.

"बैठकीत लोक भिडेनं मान डोलावतात हो. मनात नसेल तर देवापुढं आवाजच पडतो!"

गोव्यात चोपड्याला मासळी सुकवायच्या शेडचा मुहूर्त होता. देणगीदार पाहुणे कुदळ धरून फोटोला सज्ज. गाऱ्हाण्यात शेडचं नाव आलं आणि बायकांचा "व्हय" एकदम बारीक झाला. यांनी डोळे उघडले, पाहुण्यांच्या हातातली कुदळ हळूच काढून घेतली.

"वयनी, व्हय बारीक कित्याक?"

"शेड टेकडेर. नुस्त्याची पांटली घेवन वयर चडतलो कोण?"

मासळीच्या टोपल्या टेकडीवर चढवायला नकोत म्हणून शेड नदीकाठी झाली.

पणजीत दुसरी नोकरी बघतोय, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. परवा चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "पुढच्या प्रकल्पालाही आहात ना?"

"होय तर!" मी म्हणालो.

त्यांनी कप खाली ठेवला, डोळे मिटले. "परत म्हणा पाहू."