दोन बोटं ब्रेकवर

माझा गुडघा आणि ताईचा उजवा हात एकाच वर्षी संपावर गेले. गुडघ्याचं मला विशेष वाटलं नाही, साठी ओलांडली की तो बोलणारच. पण ताईला अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. ती माझी एकुलती एक बहीण, सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहते. पाय हळूहळू उचलायला लागली, बोलणंही जड का होईना परत आलं. उजवा हात मात्र मांडीवर ठेवला की तिथेच पडून राहायचा. फिजिओथेरपीच्या बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे पहिले काही महिने महत्त्वाचे आहेत. रोज बोटं हलवली नाहीत तर ती आखडतील, आणि मग मलाही फार काही करता येणार नाही." त्या आठवड्यातून दोनदा यायच्या. दिवसरात्र सोबतीला एक बाई ठेवली होती, पण व्यायामाचं नाव काढलं की ताई तिला दाद द्यायची नाही. म्हणजे बाकीचे दिवस माझे.

आम्ही राहतो बिबवेवाडीत. पेठेत जाताना उतार, घरी येताना चढ. रिक्षावाल्यांना आमचं अंतर कधी फार जवळ वाटतं, कधी फार लांब, नेमकं कधीच वाटत नाही. बसच्या पायरीला गुडघ्याची परवानगी नव्हती. आमचे हे स्कूटरवरून सोडायला तयार होते, पण निवृत्तीनंतरही ते दुपारपर्यंत एका वर्कशॉपमध्ये जातात. शिवाय मला कुणी 'सोडायला' आलेलं आवडत नाही. शाळेत शिकवायला लागले तेव्हापासून मी या गावात सायकलवर हिंडतेय. डॉक्टरांनी सायकलला हरकत घेतली नाही, फक्त म्हणाले, चढावर जोर लावायचा नाही. पुण्यात राहून चढावर जोर लावायचा नाही म्हणे.

मग विजेवरची सायकल बघायला गेलो. विक्रेत्याने एक काळीकुट्ट, जाड टायरांची सायकल पुढे केली आणि म्हणाला, "मॅडम, ही डोंगरावर पण जाते." मी म्हटलं, "मला पेठेत जायचंय." दुसरी दाखवली तिच्यावर बसायला पाय खांद्यापर्यंत वर न्यावा लागला असता. तिसरी बरी होती, पण स्टँडवरून काढताना ती माझ्या अंगावर आली. ह्यांनी तिला सावरलं आणि मला म्हणाले, "तुझी सायकल काय वाईट आहे? तिलाच मोटर बसवू."

इथून आमच्या घरात मोटर हा एकच विषय झाला. जेवताना मोटर, चहाला मोटर. पुढच्या चाकात बसवणं सोपं, पण माझ्या सायकलचा चाक धरणारा चिमटा जुना, त्याला ती ओढ सोसणार नाही, म्हणून मागच्या चाकात. एका मोटरमध्ये आत दातेरी चक्रं असतात, ती वेगात मार खाते पण चढावर गुमान ओढते. दुसरी उलट. "तुला वेग कशाला हवाय? तोंडाला आहे तेवढा पुरे," असं म्हणून ह्यांनी पहिली घेतली. कॅरियरवर बॅटरी आली. मोटरबरोबर ब्रेकचे नवे लिव्हर आले, त्यांच्या आत बटण होतं. ब्रेक दाबला की मोटर आपोआप बंद होणार आणि मागे लाल दिवा लागणार, म्हणजे आपण थांबतोय आणि मोटर ढकलतेय असं व्हायला नको. मी मान डोलावली. मला सायकल चालवायची होती, परीक्षेला बसायचं नव्हतं.

पहिल्या दिवशी आमच्या गल्लीतून वरपर्यंत गेले तेव्हा सायकलने मला अशी अलगद वर नेली की खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. ताईचा व्यायाम करून घेतला, मंडईतून मटार घेतले आणि ऐटीत परत निघाले. स्वारगेट सोडलं, चढ लागला, आणि मोटर बंद पडली. जरा थांबले, परत चालू. दहा हात गेले, परत बंद. मागून बस भोंगा वाजवतेय, डावीकडून मोटरसायकली घुसताहेत, आणि मी मटारासकट मध्येच उभी. शेवटी उतरले आणि बॅटरीच्या वजनाची ती सायकल ढकलत घरी आणली.

रात्री गुडघा फुगला. दुसऱ्या दिवशी जाता आलं नाही, तिसऱ्याही नाही. चौथ्या दिवशी रिक्षाने गेले आणि ताईची बोटं उघडायला घेतली, तर तिने ओठ चावला. एरवी ती मला शिव्या घालायची, त्या दिवशी काहीच बोलली नाही. मला फार भीती वाटली. सायकल चालली नाही तर हा हात माझ्या डोळ्यांदेखत मिटणार, एवढंच डोक्यात होतं.

ह्यांनी सायकल पार्किंगमध्ये उलटी केली. बॅटरी तपासली, ठीक. वायरींचे जोड काढून परत बसवले, ठीक. मोटरला वीज किती द्यायची ते ठरवणारा डबा बदलून आणला. मग स्वतः चालवत स्वारगेटला जाऊन शीळ घालत वर आले. "मस्त चालते," म्हणाले. मी नेली, बंद पडली. त्यांनी नेली की चालायची. मी नेली की बंद. बरं, आमच्या रिकाम्या गल्लीत माझ्याही हातात सुतासारखी सरळ.

"तू काहीतरी करतेस," हे म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जन्म गेला सायकलवर, आणि मला सांगणार कोण, तर ज्यांनी लग्नानंतर परवापर्यंत सायकलला हात लावला नव्हता ते. मी तोंडाचा पट्टा सोडला तो पार त्यांच्या आईपर्यंत जाऊन आला. ते ऐकून घेत हात पुसत राहिले आणि म्हणाले, "उद्या सुट्टी घेतो. तू पुढे चालव, मी स्कूटरवर मागून येतो."

ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी ताईकडून परत येताना हे मागे. चढावर मोटर बंद पडली तशी मी कडेला थांबले. हे आले, हेल्मेट काढलं, आणि चक्क हसत होते.

"अगं, तुझा मागचा लाल दिवा स्वारगेटपासून सारखा लागतोय."

"मग बंद करा की तो."

"तो ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाही. हात बघ स्वतःचे."

मी बघितले. एक पाय जमिनीवर टेकून उभी होते, आणि तरी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं ब्रेकच्या लिव्हरवर होती. गल्लीत ती नुसती टेकलेली असायची. मागून बस आली की जराशी आवळायची, मला न विचारता. ते नवे लिव्हर इतके नाजूक की तेवढ्यानेच मोटर बंद. हे हँडलची मूठ अख्खी धरून चालवतात, म्हणून त्यांना कधी त्रास झाला नाही.

"सायकलचा दोष नाही," हे म्हणाले. "तू एकाच वेळी निघतेस पण आणि थांबतेस पण."

ही सवय बाबांची. आम्हा दोघी बहिणींना त्यांनी सायकल शिकवली ती ओरडून. कॅरियर धरून मागे पळायचे आणि एकच घोकायचे, "दोन बोटं ब्रेकवर, अंगठा घंटीवर." तोल, पाय, हँडल, कशाबद्दल अवाक्षर नाही. बोटं सुटलेली दिसली की ते कॅरियर सोडून द्यायचे, मग पडा. ताई माझ्या आधी शिकली, त्यामुळे माझ्या आधी पडली, आणि नंतर बाबांच्या जोडीला माझ्यावर ओरडायला उभी राहिली.

मी बोटं उचलून चालवायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. जमलं नाही. समोरून कुणी उलट्या बाजूने आला की बोटं आपली जागेवर. मुद्दाम लांब ठेवली तर सगळं लक्ष बोटांकडे, रस्त्याकडे नाही. एकदा एका आजोबांना धक्का लागता लागता राहिला. घरी येऊन सांगितलं, "माझ्याने होणार नाही. विकून टाका."

मला वाटलं, आता पाणउतारा होणार. तेवढा हक्क मीच त्यांना दिला होता. हे नुसते उठले. खाली गेले, नवे लिव्हर काढले, माळ्यावरच्या खोक्यातून माझे जुने शोधून बसवले. त्यांना बाहेरून एक छोटं चुंबक आणि ते लांब सरकलं की मोटर बंद करणारं एक बटण चिकटवलं. मग मला बोलावलं आणि म्हणाले, "धर नेहमीसारखं." मी धरलं, ते चुंबक थोडं सरकवायचे. "आता बस आली असं समज." मी आवळलं, त्यांनी आणखी सरकवलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी जोरात दाबला तरच मोटर बंद होईल, नुसत्या टेकलेल्या बोटांना धक्का नाही, असं जमवून ते उठले.

"तुझ्या वडिलांच्या दोन बोटांएवढी जागा ठेवलीय," म्हणाले.

या माणसाबरोबर मी इतकी वर्षं भांडत आलेय, पुढेही भांडेन. पण कुणी माझी खोड मोडायला न जाता तिच्यासाठी जागा करून दिली, असं माझ्या आयुष्यात क्वचितच झालंय. तेव्हा नुसतं "बरं" म्हणाले. इथे नीट सांगते, मी त्यांची फार ऋणी आहे. दुसऱ्या दिवशी मोटर स्वारगेटपासून दारापर्यंत एकदाही थांबली नाही, आणि त्यानंतर ताईचा एकही दिवस चुकला नाही.

काढलेले नाजूक लिव्हर टाकून द्यायचे होते. ह्यांनी त्यातला उजवा ठेवून घेतला. हँडलचा एक तुकडा, त्यावर मूठ, लिव्हर, दोन पेन्सिल सेल आणि एक लाल दिवा, असं काहीतरी करून एका रविवारी ते माझ्याबरोबर पेठेत आले आणि ताईच्या जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलं.

"हे काय आता?" ताईने विचारलं.

"जरासा दाबला तरी लागतो," हे म्हणाले. "हिला चालला नाही, तुम्हाला चालेल."

मी ताईचा हात उचलून मुठीवर ठेवला. फिजिओथेरपीच्या बाईंनी शिकवलं होतं तसं म्हटलं, चारही बोटं मिटायची. ताईने डोळे बारीक केले. शेवटची दोन बोटं मुठीवर तशीच राहिली. पहिली दोन थरथरत उठली आणि लिव्हरवर जाऊन टेकली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ती किंचित आवळली, आणि लाल दिवा लागला.

ताई दिव्याकडे बघत राहिली. लिव्हर सोडला, परत दाबला. मला रडू फुटलं, हे खिडकीतून रस्ता बघायला लागले. ताईने जड जिभेने विचारलं, "घंटी कुठाय?"

घंटी पुढच्या रविवारी बसली. अंगठा मात्र हट्टी निघाला. दिवा रोज लागायचा, घंटी मुकी. मी येत-जात राहिले, उतार, चढ, उतार, चढ. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या होत्या, अंगठा सगळ्यात शेवटी येतो, कधी येतही नाही. मी ताईला हे सांगितलं नाही.

मग परवा तिच्या इमारतीखाली सायकल लावली. दुपार होती, गल्ली शांत होती. मी कुलूप लावायला वाकले आणि वर दुसऱ्या मजल्यावर घंटी वाजली. अर्धवटच वाजली, ट्र करून. मी तशीच उभी राहिले. परत वाजली.

मी खालून माझी वाजवली.