छातीमागचा राब

डॉक्टर हसत हसत बोलायला लागले की मला आधी त्या हसण्याचाच संशय येतो. जव्हारच्या शाळेत वीस वर्षं शिकवतेय. गोड बोलून खरं दडवणारी तोंडं मी लांबून ओळखते.

माझ्या एकुलत्या मुलीला अठराव्या वर्षी लसिकाग्रंथींचा कॅन्सर झाला. मुंबईला आधी औषधं, मग छातीवर रेडिएशन. आमच्याकडे त्याला शेक म्हणतात. सगळं साफ झालं म्हणून पेढे वाटले, आणि सहा महिन्यांनी, जूनमधल्या तपासणीत छातीच्या हाडामागे पुन्हा काहीतरी वाढलेलं दिसलं.

डॉक्टर म्हणाले, ही बहुतेक थायमस ग्रंथी आहे. रोगाशी लढणाऱ्या काही पेशी हाडांच्या मगजातून निघून तिथे येतात आणि आपलं कोण, परकं कोण हे शिकतात. शेकानं ती ग्रंथी सुकते, पण तरुण शरीरात पुन्हा भरते, कधी कधी तर आधीपेक्षा मोठी होते. पेशींची शाळाच म्हणा ना, बाई, असंही वर. शिक्षिका दिसली की सगळ्यांना बरी शाळा आठवते! मी म्हटलं, मग तुकडा काढून तपासा. ते म्हणाले, आत्ताच उगाच चिरायला नको, तीन महिने थांबू.

मला त्यांचं ते ‘बहुतेक’ डाचत राहिलं. नवऱ्याला बाजूला घेऊन खरं सांगितलं असणार, असं वाटून मी त्याचा फोनसुद्धा चाळला. काही सापडलं नाही, तर संशय आणखीच वाढला. मुलीचे केस तेव्हा जेमतेम बोटभर आले होते. विंचरण्यासारखं त्यात काही नव्हतं, तरी मी रोज सकाळी फणी घेऊन तिच्यामागे बसायची आणि केसांच्या निमित्तानं तिची मान, कानांमागची जागा, गळ्याची बाजू चाचपायची.

जुलैच्या सुरुवातीला सूर्यमाळला बाबांकडे गेले. ते नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या राबाशी उकिडवे बसले होते. उन्हाळ्यात पालापाचोळा पसरून भाजलेल्या त्या काळ्या तुकड्यात आता हिरवे कोंब वर आले होते. माझ्या सगळ्या बडबडीतला शेक तेवढा त्यांना कळला.

"भाजल्या जागीच रोप जोमानं येतं ना, बाय?"

मी तडकले. म्हटलं, तणही येतं की. त्यांनी दोन कोंबांवर बोट ठेवलं आणि यातलं तण कुठलं, असं विचारलं. शेतकऱ्याची लेक मी. नीट बघायचेही कष्ट न घेता एक उपटून त्यांच्या हातावर ठेवलं. ती नागली निघाली.

"दोन पानांवर कळत नाही, तर उपटतेस कशाला? थांब जरा."

राग आला. बाबांचा नव्हे, माझाच. मिळेल ती एसटी पकडून घरी आले.

ते तीन महिने कसे काढले ते माझं मला माहीत. मुलगी खोकली तरी मी हातातलं काम टाकून तिच्याकडे धावायची. सप्टेंबरमधल्या तपासणीत ती वाढ आपोआप आकसलेली निघाली. ग्रंथीच होती, आता शंका नको, असं म्हणून डॉक्टर पुन्हा हसले. मी तो रिपोर्ट नाशिकला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवला. तेही तेच म्हणाले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी आपणहून फणी घेऊन माझ्यापुढे बसली. केस आता कानांपर्यंत आले होते. सवयीनं माझी बोटं तिच्या मानेकडे गेली. तिनं ती हळूच धरली.

"आई, आज नुसते केस विंचर."

म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी बोटभर केसांसाठी ती रोज सकाळी माझ्याकडे पाठ करून बसत होती, मान सैल सोडून.