उदगीरच्या खोलगटातली हवा

पौषातल्या एका सकाळी लातूरच्या स्टँडवर मी पुण्याच्या कचेरीतून आणलेलं हवा मोजण्याचं यंत्र घेऊन उभा होतो. यंत्र शिलाई मशीनच्या पेटीएवढं होतं. कंडक्टरने ते मागच्या बाकाखाली सरकवलं आणि आत काय आहे असं विचारलं. हवेतली धूळ मोजायची मोटार आहे, असं मी सांगितलं.

"मोजून काय करून राहिलात?" तो म्हणाला. "हितं बघा की डोळ्यानं."

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीत मला सांगण्यात आलं होतं की साहेब आहेत, टेबलं येऊन राहिली आहेत. उदगीरपर्यंत रस्ता रुंद करायला खोदला होता. पावसाने दोन वर्षं दगा दिला होता, त्यामुळे खोदलेली माती जागची बसली नव्हती. प्रवाशांवर मात्र बसली होती.

उदगीरला यंत्रासाठी वीज असलेलं पक्कं छत हवं होतं. ते सुशीलाबाई स्वामींकडे मिळालं. बाई शाळेत शिक्षिका होत्या. घर गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याकाठच्या खोलगटात होतं. त्यांनी ज्वारीचे धपाटे आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या पिठाची आमटी) वाढली. समोर त्यांची मुलगी नंदा बसली होती. वय अकरा. दोन घासांमध्ये थांबून ती श्वास घेत होती.

"हिला थंडीतच लई तकलीफ," बाई म्हणाल्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यांनी पेन्सिलीने टिंबं दिली होती. दम लागला की टिंब. वैशाखात धुळीची वावटळ उठते, तिथे टिंबं तुरळक होती. मार्गशीर्ष-पौषात रांगच होती. "उन्हाळ्यात धूळ दिसती, पण पोरगी बरी असती. असं का, सर?"

मी यंत्र छतावर चढवलं.

पहिल्या दिवशी वीज गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईंनी त्यावर मिरच्या वाळत घातल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे सहा ते नऊ यंत्रात एक पांढरा कागद लावला आणि दुपारी बारा ते तीन दुसरा. सकाळी छतावरून पाहिलं, तर उंचावरचा किल्ला आणि वरची वस्ती उन्हात स्वच्छ होती. खालच्या भागावर मात्र राखाडी थर पसरला होता. रात्रीची थंड हवा उतारावरून खाली येऊन साचली होती. चुलींचा, पळाट्यांचा (कापसाच्या वाळलेल्या झाडांचा) धूर, डाळ मिलचं भुस्कट, रस्त्याची माती, सगळं त्याच हवेत अडकलं होतं. साडेनऊला ऊन तापलं आणि थर उचलला गेला. उन्हाळ्यात वारा धूळ आणतो, तसाच घेऊनही जातो. पाऊस सगळं धुतो, पण पाऊस आलाच नव्हता.

दुपारचा कागद पिवळट होता. सकाळचा काळा.

सुशीलाबाईंनी दोन्ही कागद बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "शाळा सात वाजता भरती. मीच हिला रोज हाताला धरून नेते."

त्या लगेच शाळेकडे निघाल्या. मीही गेलो. थंडीत शाळा उशिरा भरवण्याचा बाईंचा अर्ज हेडमास्तरांनी याआधी दोनदा परत केला होता. "बाई, इमारत एक हाय, शाळा दोन, सकाळची आन् दुपारची. एका पोरीसाठी वेळ कशी बदलू?"

बाईंनी काळा कागद टेबलावर ठेवला. "एका पोरीचं न्हाई, सर. सगळेच हे छातीत घेऊन राहिले."

हेडमास्तरांनी त्यावर बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. "हे कुठलं?"

"नाल्याकाठचं. माझ्या छतावरचं."

"माझं घर बी तिथंच हाय," ते म्हणाले. त्यांनी शिपायाला फळा पुसायला सांगितलं. पौष-माघात सकाळची शाळा साडेनऊला भरेल आणि दुपारची उशिरा सुटेल, असं स्वतःच्या हाताने लिहिलं. खडूची धूळ उडाली, तेव्हा ते बाजूला झाले.

परत निघालो तेव्हा नंदा दारात शेंगा सोलत होती. खोकला होताच. एका फळ्याने तो थांबणार नव्हता.

पुण्यात मी सहा ते नऊचा आकडा वेगळा लिहिला. माझ्या साहेबांनी तो खोडला आणि दिवसभराची सरासरी मागितली. अहवालात उदगीरची हवा मध्यम ठरली. मी सही केली. सरासरी बरोबरच होती, फक्त त्या सरासरीच्या हवेत श्वास घेणारं कोणी मला तिथे भेटलं नव्हतं.