सोयाबीनच्या दोन ओळींमधलं अंतर

पाचोडला मी कृषी सहायक होते, तेव्हा दर बाजारच्या दिवशी कासीमभाईंच्या बियाण्याच्या दुकानात आमची बैठक बसायची. कासीमभाई, ट्रॅक्टरवाला रामदास, शेतकरी भानुदासअण्णा आणि मी. आता रिटायर होऊन शहरात राहते. भाजी निवडताना मध्येच हसू येतं, घरचे विचारतात काय झालं. काय सांगणार? एक सांगायला गेलं की मागून चार येतात.

*

बियाणं किती पेरायचं ते उगवणीवर ठरतं. म्हणून मी सगळ्यांना सांगायचे, शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा आणि कोंब मोजा. रामदासनं ठेवले. पुढच्या बाजारी विचारलं, किती उगवले? तो खाली बघून म्हणाला, "मॅडम, सासूबाई आल्यात. त्यांनी उसळ केली."

कासीमभाईंनी शांतपणे विचारलं, "सबने खाई?"

रामदासनं मान हलवली.

"तो बीज अच्छा है."

*

अण्णांचं आणि माझं मात्र कधी जमलं नाही. दोन ओळींत अठरा इंच ठेवा, एकराला एक बॅग पुरे, असं माझं म्हणणं. त्यांना मोकळी जमीन बघवायची नाही. पेरताना ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून दर वळणाला सांगायचे, जरा जवळ घे. शेवटी रामदासनं ट्रॅक्टर थांबवला. "अण्णा, अजून जवळ घेतलं तर ही ओळ मागच्या ओळीवर चढंल."

त्या वर्षी पीक कमरेच्या वर गेलं. पैठणच्या एसटीतले लोक माना वळवून बघायचे. पण आत ऊन शिरेना, शेंगा धरेनात, आणि एका वाऱ्यात सगळं आडवं झालं. काढणीनंतर कासीमभाईंनी एकरी उतारा विचारला.

अण्णा म्हणाले, "फोटू लई भारी आले."

*

मग काकूंच्या, म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. अण्णांचं बाजाराला येणं कमी झालं. पेरणीच्या तोंडावर एक दिवस आले, चहाला नको म्हणाले, आणि मला विचारलं, "मॅडम, वॉकर किती रुंद असतो?"

आम्हाला वाटलं, पेरणीचं नवीन यंत्र. किती ओळी पेरतं, म्हणून रामदास विचारायला लागला. कासीमभाईंना कंपनीचं नाव हवं होतं.

"यंत्र नाय रे," अण्णा म्हणाले. "तुमच्या वहिनीचा."

काकू दिवसभर ओट्यावर बसून शेताची चौकशी करायच्या. अण्णा सांगायचे, पण त्यांचा त्यावर भरवसा नव्हता. त्यांना स्वतः बघायचं होतं.

त्या हंगामात अण्णांनी शेताच्या मधोमध एक रुंद पट्टा मोकळा सोडला, मुरूम टाकून दाबून घेतला. श्रावणात मी गेले तेव्हा काकू वॉकर टेकत हळूहळू त्या पट्ट्यातून चालल्या होत्या, दोन्ही बाजूंना गुडघाभर सोयाबीन. मागं अण्णा, हातात प्लॅस्टिकची खुर्ची.

मध्यावर काकू थांबल्या. वाकून ओळीत हात घातला, पानं बाजूला केली आणि मागं न वळता म्हणाल्या, "दाट झालंय."

अण्णांनी खुर्ची टेकवली.

"व्हय," म्हणाले.