एकशे तीनवरचं खोटं

कारा-ओयच्या रुग्णवाहिका केंद्रात फोन घ्यायच्या खुर्चीवर बुरुलकान एकतीस वर्षं बसली. एवढ्या वर्षांत नोटा बदलल्या, साहेब नऊ बदलले, खुर्ची दोनदा बदलली. गाडी बोलवायचा नंबर मात्र एकशे तीनच राहिला. तालुक्याला गाड्या दोन. त्यांतली एक कायम दुरुस्तीला. कुठली, ते चालकालाही सकाळी आल्यावरच कळायचं.

त्यामुळे खोट्या फोनची तिला मनस्वी चीड. पोरं ऐन जानेवारीच्या बर्फात फोन करून 'आजीला साप चावला' म्हणत. बुरुलकान आवाजावरून घर ओळखायची आणि त्या आजीलाच फोन लावून तब्येत विचारायची. पुढचं न्यायदान आजी करायची. मग राजधानीत कायदा झाला, भिंतीवर पत्रक लागलं: रुग्ण नसताना गाडी मागवल्यास दंड. आजीच्या मानाने कायदा जरा मवाळ आहे असं तिचं मत होतं, तरी तिने तो मनापासून राबवला. तिच्या हातून दंड झालेल्यांत तिचा सख्खा दीरही होता. लग्नाहून परतायला वाहन मिळेना म्हणून त्याच्या छातीत कळ आली होती. नंतर दोन वर्षं तो तिच्याशी बोलला नाही. हा कायद्याचा एक अनपेक्षित लाभ.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी जुमाकादिर म्हाताऱ्याचा फोन आला. गल्लीतला सगळ्यांत वडील माणूस, सगळ्यांचा आक्साकाल.

"पोरी, गाडी पाठव. सोनुन कोसळलीय. दुकानापलीकडची."

"शुद्धीवर आहे?"

"आहे."

"श्वास?"

"घेतेय की. अंगणात नान भाजतेय."

बुरुलकानने पेन खाली ठेवलं. "आक्साकाल, मग कोसळली कधी?"

"अजून नाही," म्हातारा म्हणाला. "आम्ही आत गेलो की कोसळेल. मॉस्कोहून कळलंय. तिचा पोरगा, एर्मेक. बांधकामावरून पडला."

मरणाची बातमी आईला फोनवर द्यायची नाही, हे तिकडे कुणाला शिकवावं लागत नाही. वडीलधारे जमतात, एकदम आत जातात, बायका तिच्या दोन्ही बाजूंना बसतात, मगच सगळ्यांत म्हातारा तोंड उघडतो. पोरं परदेशात मरू लागली तशी दाराशी डॉक्टर आणून ठेवायची पद्धतही पडली. कायदा लिहिणाऱ्यांच्या घरीही असंच होत असणार. लिहिताना फक्त आठवलं नसावं.

सोनुनचं हृदय वसंतात दोनदा दगा देऊन चुकलं होतं. बुरुलकानने गाडी पाठवली आणि दुकानाच्या आडोशाला थांबायला सांगितलं.

चूक तिथेच झाली. ज्या गल्लीतून निम्मी पोरं रशियाला गेलेली, तिथं रुग्णवाहिका येऊन कुणाच्याच दारात शिरत नाही, नुसती उभी राहते, याचा अर्थ प्रत्येक आईला कळतो. दहा मिनिटांत फोन वाजू लागले. गल्लीतल्या सगळ्या जणी तिला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणत.

"एजे, गाडी कुणाकडे?"

"तुझ्याकडे नाही. लाइन मोकळी ठेव."

दुसरीने काही विचारलंच नाही. "माझा कझानला असतो," एवढंच म्हणाली आणि थांबली.

"बरा आहे तो. जा, कामाला लाग."

तिसरा फोन सोनुनचा.

"बुरुलकान एजे, तुमची गाडी दुकानामागे उभी आहे."

"चाक बसलंय तिचं."

"चारही चाकं बरी दिसतायत मला."

"आतून बसलंय. तुला गाड्यांतलं काय कळतं?"

सोनुन हसली नाही. "ठेवते मी. एर्मेकला एकदा फोन लावून बघते."

म्हातारे अजून निघाले नव्हते; शेजारच्या गावाहून सोनुनचा भाऊ यायचा होता. आणि एर्मेकचा फोन आता कुणा परक्या माणसाच्या हाती होता; तो माणूस उचलणार आणि एका वाक्यात सांगून मोकळा होणार.

"ठेवू नकोस," बुरुलकान म्हणाली. "तुझ्या वसंतातल्या कागदावर वजन लिहायचं राहिलंय. तपासणी आलीय वरून."

"आत्ता?"

"मग केव्हा? माझी नोकरी घालवतेस का?"

सोनुनने वजन सांगितलं. बुरुलकानने उंची विचारली, गोळ्यांची नावं विचारली, सकाळी किती घेतल्या, जेवणाआधी की नंतर, आईला रक्तदाब होता का, मावशीला होता का. एकही अक्षर ती लिहीत नव्हती. आयुष्यभर जी लाइन तिने दुसऱ्यांच्या थापांपासून राखली, ती तिने अठरा मिनिटं स्वतःच्या थापांनी अडवून धरली. सोनुनही एकेक उत्तर देत गेली, हळूहळू, नीट आठवून. तिलाही घाई उरली नव्हती.

मग फाटक वाजलं. पुष्कळ पावलं, आणि जुमाकादिरचा सलाम.

"पाहुणे आलेत, एजे," सोनुन अगदी हलक्या आवाजात म्हणाली. "आता ठेवू ना?"

"ठेव, बाळ."

सोनुन कोसळली, पण भावाच्या हातांत. डॉक्टर सोळा पावलांवर होता. जगली.

महिनाअखेरीस साहेबाने कागद पुढे केला. "एजे, फोन दहा चाळीसचा, रुग्ण कोसळला साडेअकराला. हा तर खोटा फोन झाला. म्हाताऱ्याला दंड लावावा लागेल."

"त्या लाइनवर त्या दिवशी खोटं मी बोलले. तपासणीचं, चाकाचं, सगळं. पावती माझ्या नावावर फाड."

साहेबाने पत्रक दोनदा वाचलं. "इथं फोन करणाऱ्याला दंड आहे. उचलणाऱ्याबद्दल काही नाही."

"मग तेही त्यात लिहून घे," बुरुलकान म्हणाली. "आणि म्हाताऱ्याने वेळ चुकीची सांगितली, एवढंच. ऐंशीच्या पुढे होतं तसं."

साहेब तरुण होता. त्याचीही आई गावी एकटी असे. त्याने कोसळण्याच्या वेळेवर शाईचा एक मोठा डाग पडू दिला.