नोंदबाई

नगरपरिषदेच्या सभागृहात अध्यक्षांच्या डाव्या हाताला एक छोटं टेबल आहे. तिथे बसून नोंदबाईंनी एकतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहून काढलं. स्वतः मात्र कधी ब्र काढला नाही. लेखनिकाने सभेत बोलायचं नसतं. नागरिक तावातावाने काही सांगून गेले की वहीत ठरलेलं पडायचं, 'सूचना मांडल्या. नोंद घेतली.' घरी नवऱ्याने भाजी खारट झाल्याची तक्रार केली, तरी बाई मान वर न करता म्हणायच्या, "नोंद घेतली."

यंदा परिषदेला तरुणांचा पुळका आला. दर सभेला दोन विद्यार्थी बोलवायचे, त्यांना बोलू द्यायचं, मताचा हक्क तेवढा द्यायचा नाही. पहिल्याच सभेला नळदुरुस्तीवाल्याची धाकटी आली, दहावीतली, हातात चार घड्यांचा कागद. विषय होता शाळेमागचं छोटं मैदान गाड्या लावायला देण्याचा. ती उभी राहिली आणि नेमका चहा आला. कपबशा वाजल्या, बिस्किटं इकडून तिकडे सरकली, आणि पोरीचा आवाज मुळातच बेताचा. कागद संपल्यावर अध्यक्ष म्हणाले, छान, छान. निर्णय पुढच्या सभेवर गेला. ती खाली बसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. तिच्या सर्वांत जवळ बाईच बसल्या होत्या आणि त्यांनी शब्द न् शब्द ऐकला होता.

त्या दिवशी वहीत 'नोंद घेतली' पडलं नाही. तिचं सगळं बोलणं बाईंनी जसंच्या तसं उतरवलं.

पुढच्या सभेला बाई होत्याच, आणि निर्णय ऐकायला ती मुलगीही आली होती. पहिला विषय नेहमीचा, मागच्या सभेचं इतिवृत्त कायम करणे. ते वाचून दाखवायचं असा नियम आहे, पण वर्षानुवर्षं कोणी वाचलं नव्हतं. अध्यक्ष सवयीने म्हणाले, वाचलं असं समजू या. बाई उभ्या राहिल्या. नियमाप्रमाणे वाचायला हवं, एवढं म्हणून कोणी अडवायच्या आत त्या वाचू लागल्या.

"'मोठ्या मैदानावर मुलं आम्हाला खेळू देत नाहीत. या छोट्या मैदानावर कोणी हटकत नाही. इथे गाड्या लागल्या तर आम्ही घरी बसू. तुम्हाला ते कळणारही नाही, कारण घरात बसलेल्या मुली दिसत नाहीत.'"

चहा आला होता. कोणी कप उचलला नाही. अध्यक्षांनी मुलीला विचारलं, हे तू मागच्या वेळी बोललीस? तिने मान डोलावली. ते ओशाळले आणि बाईंकडे वळले.

"बाई, तुमचं घर मैदानासमोरच ना? तुमचं काय म्हणणं?"

एकतीस वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. बाईंचा हात सवयीने पेनाकडे गेला आणि थांबला. आपण बोलायचं तर लिहिणार कोण? तेवढ्यात नळदुरुस्तीवाल्याची धाकटी टेबलापाशी आली, वही आपल्याकडे ओढून घेतली आणि पेन धरून वाट पाहू लागली.

बाई बोलल्या. मोजकंच. मग मतदान झालं आणि मैदान तीन मतांनी वाचलं.

वहीतलं ते एकच पान वेगळ्या अक्षरात आहे, गोल, शाळकरी. 'बाई म्हणाल्या, माझी लेक सासरी गेल्यापासून माझ्या घरात आवाज येतो तो या पोरींचाच. संध्याकाळी मी खिडकी उघडी ठेवते.' त्याखाली, कोणी सांगितलेलं नसताना, तिने लिहिलंय, 'इथे बाई जरा थांबल्या.'